राग दाखवताना आगीच्या उपमा एकसुरी होतात, काय करावं?

प्रश्न
कथेतल्या थोरल्या भावाचा राग तीन प्रसंगांत चढत जातो. एक वाक्य असं: 'त्याचा राग ज्वालामुखीसारखा उकळत होता आणि त्याच्या ठिणग्यांनी सगळं घर पेटलं.' खटकतं, पण नेमकं काय चुकलंय? आग काढूनच टाकू का?

प्रतिसाद १
काढू नका. एका वाक्यात तीन निरनिराळी चित्रं आलीत: ज्वालामुखी, उकळी, ठिणगी. पहिलं डोळ्यांपुढे उभं राहायच्या आत दुसरं येतं. तिन्ही प्रसंगांना मिळून एकच आग घ्या आणि तिची अवस्था बदला.

समजा, लाकडाची घेतली. आधी ओलं लाकूड: आतलं पाणी वाफ होऊन जाईपर्यंत नुसता धूर. इथे भाऊ पुटपुटेल, दारं आपटेल. मग राखेखालचा निखारा. राखेमुळे हवा कमी पोचते, म्हणून तो सावकाश जळतो आणि राख उष्णताही धरून ठेवते. वरून विझल्यासारखाच. इथे त्याला शांत बोलू द्या. शेवटी भडका, पण त्याला वारा लागतो. तो वारा म्हणजे कुणाचं तरी एखादं वाक्य. ते आधी नीट लिहा, नाहीतर भडका उगाच वाटतो.

प्रतिसाद २
सहमत. शिवाय 'सारखा' प्रत्येक ठिकाणी नको. उपमेत वाचक दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहतो, रूपकात त्या एक होतात, म्हणून भडक्याच्या जागी रूपक जास्त भिडतं. निखाऱ्याच्या प्रसंगात तर 'तो धुमसत राहिला' एवढं क्रियापद पुरे. 'राग' हा शब्दही गाळा.

'आगीत तेल ओतणे', 'तळपायाची आग मस्तकात जाणे' हे पात्रांच्या तोंडी खुशाल घाला. निवेदनात नकोत, इतके गुळगुळीत झालेत की त्यांत आग दिसतच नाही.

प्रतिसाद ३
रंग जपून वापरा. 'लालबुंद'च्या पुढचा राग हवा म्हणून लाल आणखी गडद करू नका. तापवलेलं लोखंड साधारण ७०० अंश सेल्सिअसला लाल दिसतं, १२०० च्या पुढे पिवळं-पांढरट होत जातं. टोकाच्या रागाला पांढरा चेहरा आणि सपाट आवाज शोभतो. आणि धग त्याच्या अंगात सांगण्यापेक्षा शेजारच्याला लागलेली दाखवा.

प्रश्नकर्ता
निखाऱ्याचा प्रसंग असा केला: 'तो अगदी हळू बोलला. बहिणीने मात्र घाबरून खुर्ची मागे घेतली.'

प्रतिसाद ३
'मात्र घाबरून' काढा. बाकी राहू द्या.