डेबियन 11 चं 12 केलं आन् प्रिंट बंद. फाइल समोर दिसती तरी 'नो सच फाइल'

झेरॉक्सवाला_अंबाजोगाई
राम राम मंडळी. झेरॉक्स आन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे माझं. रविवारी गिऱ्हाईक नसतंय म्हणून दुकानातल्या कंप्युटरची लिनक्स सिस्टीम, डेबियन, 11 ची 12 करून घेतली. सोमवारी शटर उघडलं तर प्रिंटच निघेना. पीक विम्याचे दिवस, समोर धा-बारा जण सातबारा न् 8अ साठी उभे, आन् मी पीडीएफ शेजारच्या दुकानात व्हॉट्सॲप करायलोय. चहापाण्याचे पैसे त्याला, शिव्या मला.

प्रिंटर यूएसबीचा छोटा काळा-पांढरा लेझर. कंपनीचं नाव घेत नाही, जुना आहे. ड्रायव्हर टारबॉलमधून, म्हंजी बांधून दिलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यातून, हातानं टाकलेला. कप्सच्या (प्रिंटचं काम बघणारा प्रोग्रॅम) 631 पोर्टच्या पानावर प्रत्येक जॉबपुढं 'फिल्टर फेल्ड'. चार वेळा प्रिंटर काढून परत जोडला, केबलबी बदलली.

आता खरी गंमत ऐका. ड्रायव्हरचा फिल्टर, म्हंजी फाइल प्रिंटरच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, त्याच्या फोल्डरमधी आहे, फाइलींची यादी दाखवणारं एलएस मारलं की दिसतोय, परवानग्या बरोबर. पण टर्मिनलवरून चालवला की 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. डोळे फुटलेत का माझे?

गोदाकाठ_नांदेड
दादा, आयपीपी-यूएसबी नावाची सेवा बघा चालू आहे का. ती यूएसबीवरचा प्रिंटर स्वतःच्या ताब्यात घेते, मग जुन्या रांगेला तो सापडतच नाही. सेवा थांबवून केबल काढून लावा. आमच्या ऑफिसात ह्यानंच सुटलं होतं.

काळी_माती
गोदाकाठ, तसं असतं तर 'प्रिंटर उपलब्ध होण्याची वाट बघतोय' असं काहीतरी आलं असतं. इथं गाडी फिल्टरवरच अडलीय, केबलपर्यंत पोचलीच नाही. शिवाय ती सेवा डेबियन 11 मध्येच आली, आणि 11 वर ह्यांचं काम चालू होतं.

झेरॉक्सवाले दादा, डोळे ठीक आहेत तुमचे. फिल्टरवर 'फाइल' कमांड चालवा. 32-बिट आहे असं दाखवील बहुतेक. 32-बिट प्रोग्रॅम सुरू करायला त्याचा लोडर लागतो, तो 32-बिट लिबसी (प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी) सोबत येतो. तो नसला की कर्नल (सिस्टीमचा गाभा) म्हणतो 'फाइल नाही', आणि आपण समजतो फिल्टरच नाही. मी ह्या एका ओळीपायी परभणीत दोन रात्री जागलेय.

आता गेला कुठं ते बघा. एप्ट, म्हणजे प्रोग्रॅम टाकणारं-काढणारं साधन, सगळी नोंद ठेवतं; व्हार, लॉग, एप्ट मधली हिस्टरी.लॉग उघडा आणि 'रिमूव्ह'ची ओळ वाचा. जुनी नोंद हवी असली तर शेजारीच जीझेड करून दाबलेल्या फाइली असतात, त्या वाचायला झेडलेस लावा.

झेरॉक्सवाला_अंबाजोगाई
ताई, पाय धरावेत असं वाटायलंय. 32-बिटच निघाला. आन् हिस्टरीत सापडला चोर: मीच!

पोरांना मराठी टायपिंगच्या सरावासाठी एक विंडोजचा प्रोग्रॅम लागायचा, त्याच्यासाठी वाईन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं) टाकलं होतं. अपडेटच्या आधी ते काढलं, आन् अपडेट झाल्यावर ऑटोरिमूव्हला (आता नको असलेलं आपोआप काढणारी एप्टची कमांड) डोळे झाकून 'वाय' दाबला. वाईनसंगं आलेलं सगळं आय386, म्हंजी 32-बिटचं सामान, वाहून गेलं. त्या आयत्या पिठावरच माझा ड्रायव्हर रेघोट्या मारत होता म्हणायचा.

काळी_माती
हो ना. टारबॉलमधून टाकलेलं एप्टला माहीतच नसतं, त्याला काय लागतं ते एप्ट कुठून सांभाळणार? आय386 आर्किटेक्चर जोडलेलं आहे का बघा, एप्टची यादी अपडेट करा, लिबसी6 ची आय386 आवृत्ती टाका. मग फिल्टरवर एलडीडी (प्रोग्रॅमला कुठल्या लायब्ररी लागतात ते सांगणारी कमांड) चालवा. आता तो नीट यादी देईल, 'नॉट फाउंड' पुढं जे दिसेल तेवढंच टाका. नाव देऊन टाकलं की एप्ट ते मॅन्युअल धरतं, ऑटोरिमूव्ह हात लावत नाही. आणि आधी 'कॅन्सल डॅश ए' करून रांग रिकामी करा.

झेरॉक्सवाला_अंबाजोगाई
झालं! लिबसी टाकल्यावर एलडीडीनं एकच नाव दाखवलं, लिबपॉप्ट. तेबी टाकलं. कॅन्सल मारायच्या आधी मोजलं, रांगेत 23 जॉब होते, त्यातले नऊ एकाच आजीच्या 8अ चे. 'दाब की रं अजून एकदा' म्हणायची, आन् मी दाबायचो.

गोदाकाठ_नांदेड
आजीला मिळाला का 8अ?

झेरॉक्सवाला_अंबाजोगाई
पहिला कागद तिचाच काढला. पैसे देताना म्हणली, शेजारच्यानं सोमवारीच दिला होता, पण त्याची शाई फिकी आहे.