हिपॅटायटिस बीचा एचबीएसएजी निगेटिव्ह असूनही रिटुक्सिमॅबआधी गोळी कशासाठी?

परभणीकर:
नमस्कार. माझ्या आईचे (वय 58) लिम्फोमावरील (लसीकाग्रंथींच्या कर्करोगावरील) उपचार छत्रपती संभाजीनगर येथे पुढील आठवड्यात सुरू होत असून त्यात रिटुक्सिमॅब आहे. तिच्या हिपॅटायटिस बीच्या (ब प्रकारच्या काविळीच्या) तपासण्यांत एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणाचे प्रथिन) निगेटिव्ह, अँटी-एचबीसी टोटल (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह, अँटी-एचबीएस (आवरणाविरुद्धची, संरक्षक प्रतिपिंडे) 14 आणि व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) ‘आढळला नाही’ असा अहवाल आहे. तरीही एन्टेकॅव्हिर ही विषाणूविरोधी गोळी लगेच सुरू करून शेवटच्या रिटुक्सिमॅबनंतर दीड वर्ष घ्यावी, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तिला लग्नाआधी कावीळ झाली होती आणि ती गावातल्या वैदूने ‘उतरवली’, एवढेच घरी ठाऊक आहे. लातूरच्या मामांचाही अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आहे. पण संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट चालू असताना त्यांना गोळी दिली नाही, केवळ अधूनमधून तपासण्या सांगितल्या. विषाणू पुन्हा उठणार की नाही, हे रक्तावरून आधी कळत नाही का?

यकृत_नांदेड:
काही अंशी कळते, परंतु आईंच्या बाबतीत गोळी टाळण्याइतके खात्रीने कळत नाही. ब प्रकारची कावीळ, जिला आपल्याकडे पांढरी कावीळ म्हणतात, बरी झाली तरी विषाणूचा वर्तुळाकार डीएनए यकृतपेशींच्या केंद्रकात दडून राहतो, आणि अँटी-एचबीसी ही त्या जुन्या मुक्कामाची खूण आहे. रक्तात विषाणू दिसत नाही, कारण प्रतिकारशक्तीचा पहारा असतो; रिटुक्सिमॅब प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशीच नष्ट करते, त्यामुळे तो पहारा सैल होतो. म्हणूनच 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधाच्या माहितीपत्रकात गंभीर इशाऱ्यांसाठी असलेल्या चौकटीत हा इशारा घातला. अशा रुग्णांत विषाणू उठण्याचा धोका 10 टक्क्यांहून अधिक धरतात, तर मामांच्या मेथोट्रेक्झेटमध्ये 1 टक्क्याहून कमी. आधी औषध पाहायचे, मग रक्त.

आता रक्ताविषयी. अँटी-एचबीएस कमी आणि अँटी-एचबीसीचे प्रमाण जास्त असेल, तर धोका वाढतो, असे लिम्फोमाच्या रुग्णांत दिसले आहे. 14 हा आकडा लस घेतलेल्या माणसात पुरेसा ठरला असता, कारण तिथे मर्यादा 10 ची आहे. आईंमध्ये मात्र तो उपचार चालू असताना घसरू शकतो. एचबीसीआरएजी (विषाणूच्या गाभ्याशी संबंधित प्रथिने) आणि विषाणूचा आरएनए यांवरून यकृतातील दडलेल्या हालचालीचा अंदाज येतो, त्यामुळे संशोधकांना त्यांत रस आहे. पण ते निगेटिव्ह आले म्हणून रिटुक्सिमॅबच्या रुग्णाची गोळी मी थांबवणार नाही. एसजीपीटीवर (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणाऱ्या घटकावर) तर मुळीच विसंबू नये, कारण ते बहुधा व्हायरल लोड वाढल्यावर काही आठवड्यांनी चढते.

लॅबवाला:
एक बारकावा. चिठ्ठीवर नुसते ‘अँटी-एचबीसी’ लिहिले, तर कधी कधी आयजीएमची (नव्या संसर्गात दिसणाऱ्या प्रतिपिंडांची) तपासणी होते आणि ती निगेटिव्ह आली की सगळे निश्चिंत होतात. जुना संसर्ग पाहण्यासाठी टोटल किंवा आयजीजीच (दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी) हवी. तसेच रुग्णाला आधी इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे) दिले असेल, तर दात्याच्या प्रतिपिंडांमुळे हीच तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून नमुना त्याआधीचा असावा.

जालन्याची_ताई:
आमच्या वडिलांची केमो संपली तेव्हा सगळी औषधे संपली, असे समजून आम्हीच ही गोळी बंद केली. पाच महिन्यांनी डोळे पिवळे झाले, एचबीएसएजी पुन्हा पॉझिटिव्ह आला आणि व्हायरल लोड लाखांत गेला. ते वाचले, पण त्यांना महिनाभर रुग्णालयात राहावे लागले. दादा, दीड वर्ष शेवटच्या रिटुक्सिमॅबपासून मोजा, आणि गोळी थांबल्यावरही वर्षभर तपासण्या चालू ठेवा. ही गोळी उपाशीपोटी असते, म्हणजे जेवणानंतर किमान दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाच्या किमान दोन तास आधी. वडिलांना आम्ही ती रात्री झोपताना देत होतो.

परभणीकर:
आपणा सर्वांचे आभार. अहवाल पुन्हा पाहिला, तपासणी टोटलचीच आहे आणि आईला इम्युनोग्लोब्युलिन कधी दिलेले नाही. गोळी आज रात्रीपासून सुरू करत आहोत. मामांच्या तपासण्यांत एसजीपीटीच आहे, व्हायरल लोड नाही; तो घालता येईल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगितले आहे.