'लक्षात ठेवा': कोणी ठेवायचं?

ओसरी: केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या 'विंडो रूल्स'चं मराठीकरण करतेय. अमुक खिडकी दिसली की तिला अमुक जागा, अमुक आकार द्यायचा, असे नियम के-विनला (केडीईतल्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) घालून देता येतात. प्रत्येक नियमापुढे पर्याय असतात: अप्लाय इनिशियली, रिमेंबर, फोर्स वगैरे. 'रिमेंबर'ला मी 'लक्षात ठेवा' लिहिलं. आईला दाखवलं, तर म्हणाली, "काय लक्षात ठेवू?"

बोरूबहाद्दर: आईंचं बरोबर आहे. मराठीत 'लक्षात ठेवा' म्हणजे एकतर दम, नाहीतर तळटीप. खिडकी मागच्या वेळी जिथे होती तिथेच उघडणार ना? मग 'मागचंच' लिहा. फोर्सला 'सक्ती'.

चकली: सक्ती म्हटलं की हेल्मेट आठवतं. 'कायम' चालेल की.

ओसरी: 'कायम'ने घोळ होईल. 'अप्लाय इनिशियली' खिडकी उघडतानाच लागतं, पुढे ती ओढून कुठेही न्या. 'फोर्स' असेल तर हलवू म्हटलं तरी हलत नाही.

चकली: मग 'खिळवा'!

ओसरी: पारदर्शकतेलाही फोर्स लावता येतो. ती कशी खिळवू?

तिरकस: मुळात 'खिडकी'च कशाला? विंडो आला जुन्या नॉर्समधून, अर्थ 'वाऱ्याचा डोळा'. आपल्या 'गवाक्षा'त डोळा आहे, 'वातायना'त वारा आहे. घरचे शब्द गंजताहेत.

चकली: रेल्वेच्या तिकीट-गवाक्षावर रांग लावून दाखवा, मग बोलू.

बोरूबहाद्दर: माझी अडचण वेगळी. नियम लावायला खिडकी ओळखायची ती क्लासवरून, म्हणजे ती कुठल्या प्रोग्रामची यावरून. एक्स-११ मध्ये (लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या प्रणालीत) एक्सप्रॉप हा खिडकीची माहिती सांगणारा प्रोग्राम चालवून एक्सटर्म या टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीवर) क्लिक केलं की दोन नावं येतात: एक्सटर्म आणि एक्सटर्म. (रोमनमध्ये दुसऱ्यातले एक्स आणि टी मोठे असतात, देवनागरीत बसा शोधत.) पहिलं त्या एका खिडकीचं, सुरू करताना बदलता येतं. दुसरं क्लासचं. 'वर्ग' म्हटलं की डोळ्यांपुढे बाकं येतात.

तिरकस: जात.

चकली: म्हणजे जात बघून नियम लावायचे? वा!

बोरूबहाद्दर: मी शिकवताना नाव-आडनाव सांगतो. पोरांना लगेच कळतं. फायरफॉक्सचं तर नाव नॅव्हिगेटर, आडनाव फायरफॉक्स. नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातलं नाव अजून चालू आहे.

तिरकस: आडनाव विचारतात ते जात कळावी म्हणूनच.

चकली: हे मात्र खरं. पण 'कुळ' म्हणा ना, कुळावर आक्षेप कोण घेणार?

तिरकस: कुळकायदा ऐकलाय का?

ओसरी: मंडळी, तूर्त 'मागचंच' टाकलंय. आई विचारतेय, "मागचं काय?"