मदत हवी आहे: एअर पिस्तुलसाठी पेलेट (छर्रे) कसे निवडायचे?

नमस्कार मंडळी. लेक वर्षभर बालेवाडीला १० मीटर एअर पिस्तुलचा सराव करतेय. ४.५ मिमीचे, चपट्या तोंडाचेच पेलेट घ्यायचे, इथवर कळलंय. गाडी अडते ती पुढे: डब्यावर कुठे ४.४९ असतं, कुठे ४.५०, वजनही कुठे ०.४५ ग्रॅम, कुठे ०.५३. निशाणावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिमीचं, त्यामुळे एवढाही फरक मला छळतो. मागच्या डब्यात बऱ्याच पेलेटची कड दबलेली निघाली आणि पोरगी मात्र स्वतःच्या हाताला दोष देत राहिली. फार वाईट वाटलं.

पुण्यात कुणी पिस्तूल व्हाइसमध्ये (घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात) बसवून पेलेटचे वेगवेगळे लॉट (एकेका खेपेत बनलेला माल) तपासलेत का? एका लॉटच्या किती गोळ्या मारून पाहाव्यात? स्पर्धा जवळ आलीय, कृपया अनुभव सांगा.