घरच्या इंटरनेटचे अनुदान : तुमचा अनुभव काय आहे?

अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना इंटरनेटच्या बिलात दरमहा ३० डॉलरपर्यंत, आणि मूलनिवासी जमातींच्या भूमीवर ७५ डॉलरपर्यंत सवलत देणारा 'अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम' निधी संपल्यामुळे १ जून २०२४ रोजी बंद झाला. २०२१ च्या कायद्याने त्यासाठी १४.२ अब्ज डॉलरची तरतूद केली होती आणि २.३ कोटींच्या आसपास कुटुंबांनी नोंदणी केली होती. ज्यांनी ही सवलत घेतली किंवा इतरांना मिळवून दिली, त्यांनी आपले अनुभव लिहावेत. रकमेपेक्षा ती पदरात पडेपर्यंत काय काय करावे लागले, हे वाचायला आवडेल.

ग्रंथालयातील स्वयंसेविका, न्यू जर्सी
मी सार्वजनिक ग्रंथालयात लोकांचे अर्ज भरून देत असे. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दुपटीच्या आत असले किंवा घरात कोणाला फूड स्टॅम्प (अन्नासाठीची सरकारी मदत) अथवा मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) मिळत असले, की कुटुंब पात्र ठरत असे, त्यामुळे पात्रता सिद्ध करणे फारसे अवघड नव्हते. खरी अडचण त्यानंतर येई. सरकारी पडताळणीत अर्ज मंजूर झाला की लोक निर्धास्त होत. परंतु सवलत लागू होण्यासाठी इंटरनेट कंपनीकडे वेगळी नोंदणी करावी लागे. ती राहिली की पुढचे बिल पूर्वीइतकेच येई आणि माणूस ते बिल घेऊन तणतणत आमच्या टेबलाशी हजर होई. सवलत प्रत्येक कुटुंबाला एकच होती. तळघरात भाड्याने राहणाऱ्या एका गुजराती आजोबांचा अर्ज अडला, कारण त्याच पत्त्यावर घरमालकाला आधीच सवलत मिळालेली होती. मिळकत आणि खर्च एकत्र आहेत का, असे विचारणारा आणखी एक फॉर्म भरायचा होता. "चूल वेगळी, मग घर एक कसे?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि फॉर्मलाही नेमके तेच हवे होते.

एक आई, ह्यूस्टन
मुलाला शाळेत मोफत जेवण मिळते, त्या आधारावर आम्हाला सवलत मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये योजना संपत असल्याचे पत्र आले. ७ फेब्रुवारीनंतर नवे अर्ज थांबले आणि एप्रिल हा पूर्ण सवलतीचा शेवटचा महिना ठरला. फोन किंवा इंटरनेटच्या बिलात सवलत देणाऱ्या जुन्या 'लाइफलाइन' या सरकारी योजनेतून दरमहा ९.२५ डॉलर मिळू शकतात, पण तिची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्के आहे आणि शाळेचे जेवण तिथे ग्राह्य धरत नाहीत. आम्ही कमी वेगाची जोडणी घेतली. आता मुलाचा गृहपाठ आटोपल्याशिवाय माझा ऑनलाइन वर्ग सुरू होत नाही.

शिक्षक, नाशिक जिल्हा
आपल्याकडे मोबाइल डेटा स्वस्त आहे, म्हणून हा प्रश्न सुटला असे मानले जाते. मात्र घरातला एकमेव फोन वडिलांबरोबर कामावर गेला की मुलांपुढे काहीच उरत नाही. ग्रामीण भागातील स्थिर ब्रॉडबँड ग्राहकांना मासिक शुल्काच्या निम्मी, कमाल २०० रुपयांपर्यंतची रक्कम परत देण्याचा प्रायोगिक उपक्रम दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०२१ मध्ये सुचवला होता. त्याची चर्चा आमच्या गावात व्हायला हवी होती.

क्वीन्स, न्यूयॉर्क
आमच्या राज्याने दुसरी वाट धरली. सरकारी तिजोरीतून पैसे देण्याऐवजी 'अफोर्डेबल ब्रॉडबँड अ‍ॅक्ट' या कायद्याने कंपन्यांच्या दरावरच मर्यादा घातली. १५ जानेवारी २०२५ पासून पात्र कुटुंबांना २५ एमबीपीएस वेगाची जोडणी दरमहा १५ डॉलरमध्ये किंवा २०० एमबीपीएसची २० डॉलरमध्ये द्यावी लागते. लहान कंपन्यांना सूट मिळू शकते. माझ्या आईसाठी विचारले, तेव्हा फोनवरच्या प्रतिनिधीने आधी नेहमीच्या महागड्या योजनाच वाचून दाखवल्या. म्हणून या कायद्याखालची योजना हवी आहे, असे कायद्याचे नाव घेऊन सांगावे. मोडेमचे भाडे आणि कर याच दरात धरलेले असतात. ते बिलात वेगळे दिसले, तर लगेच हरकत घ्यावी.