स्मरणिकेचं कव्हर एआयने केलंय, तेही वारली स्टाईलमध्ये... चालेल का?

गळ्यात_पडलेला_संपादक
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्या मंडळाला यंदा ५० वर्षं होतायत म्हणून स्मरणिका काढतोय आणि संपादक मी (मीटिंगला गेलो नव्हतो त्याची शिक्षा). कव्हरसाठी ५ हजार बाजूला ठेवले होते, तर परवा अध्यक्षांच्या भाच्याने मीटिंग चालू असतानाच मोबाईलवर एआयकडून वारली चित्र काढून घेतलं, मध्ये गणपती, बाजूला तारपा नाच, मागे गेरूची भिंत. चहा यायच्या आत चित्र तयार. सगळे खूश, वाचलेले ५ हजार आता ढोलताशाला द्यायचं चाललंय. खरं सांगायचं तर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही आवडलं, पण नंतर काहीतरी खटकायला लागलं आणि नेमकं काय ते कमिटीला सांगता येईना. कला माणसानेच करायला हवी असं म्हटलं तर खजिनदार म्हणाले मग स्मरणिकाही हाताने लिहून काढ सगळी. गप्प बसलो. चित्र खाली टाकलंय, बघून सांगा.

जुना_मास्तर
नऊ वर्षं डहाणू तालुक्यात नोकरी केली, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितोय. झूम करून बघा, त्या माणसाच्या हातात तारपा नाही, सॅक्सोफोन आहे 😄 तारपा म्हणजे वाळवलेला भोपळा, बांबू आणि ताडाची पानं. दुसरं म्हणजे नाचणाऱ्यांचं कडं पूर्ण बंद केलंय आणि वाजवणारा बाहेर उभा, म्हणजे निम्मे लोक त्याला पाठ करून नाचतायत! खरा नाच तारपकऱ्याभोवती गुंडाळत जातो, एक टोक मोकळं असतं, तो वळेल तसे सगळे वळतात आणि त्याला पाठ कोणी दाखवत नाही. तिसरं, चेहऱ्यांना डोळे आणि हसू दिलंय. वारलीत डोकं म्हणजे नुसता ठिपका किंवा गोल, हसतोय की रडतोय ते कमरेच्या बाकावरून कळतं.

पण चुका बाजूला ठेवा. हे मुळात बायकांचं काम, लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढतात, आत पालघट देवी, चौकाशिवाय लग्न लागत नाही. १९७०च्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा म्हशांनी ते कागदावर आणलं, लग्न नसताना काढलं, रोजचं शेत, मासेमारी, मुंग्या असं सगळं काढलं. पुढे २०११ ला पद्मश्री मिळाली. आता विचार करा, त्याआधी एखाद्या मशीनला हजार चौक दाखवले असते तर तिने काय दिलं असतं? एक हजार एकावा चौक.

बिनपगारी_कोडर
मास्तर, सॅक्सोफोन जबरी 😂 पण तुम्ही दाखवलेल्या चुका पुढच्या व्हर्जनमध्ये नसतील, तेव्हा काय म्हणणार? आणि हजार चौक बघून एक हजार एकावा काढणारी माणसं पण भरपूर आहेत की, हायवेच्या ढाब्यावरच्या भिंती बघा. मेहनतच मोजायची तर २०२२ ला अमेरिकेत कोलोराडोच्या जत्रेत मिडजर्नी या एआयवर केलेल्या चित्राला बक्षीस मिळालं, त्या माणसाने म्हणे किमान ६२४ प्रॉम्प्ट, म्हणजे लेखी सूचना, दिले होते. आमच्या ऑफिसात लोगोसाठी कोणी सहा वेळा बसत नाही. टूल आहे हो ते, कोण वापरतो त्यावर सगळं.

कायद्याचं_बोला
त्याच चित्राला पुढच्या वर्षी तिथल्या कॉपीराइट ऑफिसने नोंदणी नाकारली हेही सांगा की. त्यांचं म्हणणं, मशीनने केलेला भाग वगळून अर्ज करा, तो तयार झाला नाही. आपल्याकडे वेगळीच गंमत, १९५७ च्या कायद्यात १९९४ ला दुरुस्ती होऊन कॉम्प्युटरने केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे "जो ती करवून घेतो तो" असं आलं, पण तेव्हा हे असलं काही कोणाच्या डोक्यात नव्हतं. त्यामुळे आत मुखपृष्ठ म्हणून भाच्याचं नाव टाकणार असाल तर टाका बापडे, पण उद्या शेजारच्या मंडळाने तेच चित्र उचललं तर भांडायला जाऊ नका.

पेंटरचा_पोरगा
माझे वडील कोल्हापूरला बोर्ड रंगवायचे. सुतळीला खडूची पूड लावून भिंतीवर टणकन रेघ मारायची, मग शिरोरेघ, मग अक्षरं लोंबती ठेवायची, "ळ" काढताना तर ते श्वास रोखून धरायचे, मी डबा धरून उभा असायचो म्हणून माहिती. फ्लेक्स आला तेव्हा पण हेच बोलणं झालं होतं, हाताला तोड नाही, खरी कला टिकणार वगैरे. कौतुक करणारे तेच आणि फ्लेक्स लावणारे पण तेच. दोन वर्षांत काम बंद, नंतर ते नंबरप्लेटी करायचे. तेव्हा कोडरदादा, टूल आहे हे बरोबर, पण त्यांना कोणी कॉम्प्युटर शिकवायला बोलावलं नव्हतं. आणि मास्तर, सॅक्सोफोनमुळे चित्र वाईट ठरत असेल तर उद्या ते दुरुस्त झाल्यावर तुम्ही पण गप्प बसाल, म्हणून तो मुद्दा मला पटला नाही. ५ हजार कोणाच्या घरात गेले असते एवढंच विचारायचं. ढोलताशाला काय कमी आहे का.

जुना_मास्तर
मान्य. सॅक्सोफोनचं मागे घेतो. माझा एक जुना विद्यार्थी चित्रं काढतो, भिंतींची कामं घेतो, संपादकसाहेब नंबर व्यनि (खाजगी निरोप) केलाय. एकदा बोलून तर बघा.

गळ्यात_पडलेला_संपादक
सगळ्यांचे आभार, उशीर झाला उत्तराला. फोन केला त्या मुलाला. एआयवालं चित्र पाठवलं तर खूप हसला, म्हणाला ही वरात आहे का, बँड बोलवलाय. मग विचारलं तुमच्या मंडळाचं काय काढू? मी म्हटलं गणपती, नाच, तेच. तर म्हणे ते कुठल्याही मंडळाचं होईल, पन्नास वर्षांपूर्वी तिथे काय होतं? मला खरंच माहीत नव्हतं, लाज वाटली. रात्री तळमजल्यावरच्या काकूंना विचारलं तर त्या तासभर बोलल्या, पहिला गणपती भाताच्या खाचराच्या बांधावर बसवला होता, पाऊस इतका की मूर्तीवर काकांनी स्वतःची छत्री धरली आणि आरती होईपर्यंत भिजत उभे होते. त्या मुलाला सांगितलं तर फोनवर दोन मिनिटं काहीच बोलला नाही, मग म्हणाला छत्री मोठी काढतो, सगळं गाव तिच्याखाली.

साडेसहा हजार म्हणतोय, रंग आणि येण्याजाण्यासकट. वरचे दीड हजार मी घालतो. गुरुवारी प्रिंटरकडे फाईल जायची आहे आणि अध्यक्षांना अजून कोणी सांगितलेलं नाही, भाच्याने चित्र स्टेटसला पण ठेवलंय 🙏