सायकल रस्त्याच्या अगदी कडेने चालवावी की थोडी आतून?

प्रश्न

माझा कामावर जाण्याचा रस्ता दुपदरी असून त्याला दुभाजक नाही. समोरून वाहन येत असतानाही मागची मोटार माझ्या हँडलला खेटून पुढे निघून जाते. मी जितका कडेला सरकतो तितके लोक अधिक जवळून कट मारतात, असे मला वाटू लागले आहे. घरचे सांगतात की कडेची पांढरी रेघ सोडू नकोस, तर सोबतचे सायकलस्वार म्हणतात की लेनच्या मध्यातूनच चालव. नेमके काय करावे?

प्रतिसाद १

तुमचे निरीक्षण बरोबर वाटते. सायकल कडेला चिकटली की त्याच लेनमधून आपलीही गाडी निघेल, असे मागच्या चालकाला वाटते आणि तो वेग कमी न करता पुढे घुसतो. शिवाय खडी, चेंबरची झाकणे आणि डांबराची तुटकी कड हे सगळे तिथेच असते. ते चुकवण्यासाठी तुम्ही अचानक आत वळता, तेव्हा शेजारी गाडी असली तर अपघात ठरलेलाच. ब्रिटनच्या २०२२ मध्ये सुधारलेल्या वाहतूक नियमावलीत, वर्दळीच्या रस्त्यावर कडेपासून निदान अर्धा मीटर आत राहावे आणि रस्ता अरुंद होतो तिथे किंवा चौकापाशी लेनचा मध्य धरावा, असा सल्ला आहे. उभ्या गाड्यांपासून दार उघडेल इतके, म्हणजे मीटरभर, अंतर ठेवा.

प्रतिसाद २

वरील सल्ला सरसकट लागू करू नये. गाडी ताशी ८० किलोमीटरने आणि सायकल २० ने जात असेल, तर दोहोंतले अंतर दर सेकंदाला सुमारे १७ मीटरने घटते, म्हणजे चालकाने तीन सेकंद मोबाईलकडे पाहिले तर ५० मीटर संपतात. अशा रस्त्यावर लेनच्या मध्यात राहण्याचा हक्क असला तरी मी तो बजावणार नाही. पक्की साइडपट्टी असेल तर तिच्यावरून जावे, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा आणि शक्य असेल तर रस्ताच बदलावा.

प्रतिसाद ३

मी अवजड वाहन चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ओव्हरटेक करताना आमची केबिन सायकलच्या पुढे गेली की काम झाले असे वाटते, पण मागचा लांबलचक सांगाडा अजून सायकलच्या शेजारीच असतो आणि चालक लवकर कडेला आला तर सायकलस्वार त्याखाली ढकलला जातो. वळताना मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, त्यामुळे सिग्नलला ट्रकच्या शेजारच्या फटीत शिरू नका. आरशात आमचा चेहरा दिसत नसेल, तर आम्हालाही तुम्ही दिसत नाही.

असे असले तरी मुख्य जबाबदारी चालकाचीच आहे. जर्मनीत २०२० पासून सायकलला ओलांडताना शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. तेवढी जागा नसेल तर मागे थांबणे एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यात जातात बहुधा थोडीच सेकंदे! अगदी मागे येऊन हॉर्न वाजवणे तर सर्वांत वाईट, कारण दचकून मागे पाहणाऱ्याचे हँडलही बऱ्याचदा खांद्याबरोबर वळते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. साइडपट्टी जिथे आहे तिथे ती धरीन. पण पुढे एक अरुंद पूल लागतो आणि तिथे ती संपते. अशा जागी काय करावे?

प्रतिसाद १

पुलाच्या तोंडाशी पोहोचल्यावर आत वळू नका. बरेच आधी मागे पाहा, मोकळी जागा मिळाली की हाताने इशारा करा आणि पूल सुरू होण्यापूर्वीच सावकाश लेनच्या मध्यात या. मागून येणारी गाडी वेग कमी करताना दिसली नाही, तर कडेला थांबून तिला आधी जाऊ द्या. पूल ओलांडला की पुन्हा कडेला या आणि खोळंबलेल्यांना वाट द्या.